खेळून झाल्यावर

अकरा वाजून चार मिनिटांनी डेव्हन प्रुएटने नाही म्हटलं. केदार ऑफिसच्या किचनमध्ये कॉफीच्या मशीनखाली कप धरून उभा होता आणि भिंतीवरच्या टीव्हीच्या तळाशी बातमीची पट्टी सरकत होती. आधी त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. पट्टी फिरून आली. तेच. कप भरून वाहायला लागला, बोटं भाजली, तेव्हा कुठे त्याने हात मागे घेतला. मागून अक्षत म्हणाला, "केदार, यार, हे काय? तिथे कोण जातं?" अक्षत पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा, अजून प्रत्येक गोष्टीचं आश्चर्य वाटण्याच्या वयातला. केदारने पेपर टॉवेलने टेबल पुसलं, बोटं पुसली, मग पुन्हा टेबल पुसलं. तिथे कोण जातं, हा अगदी बरोबर प्रश्न होता. याच प्रश्नावर अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या या तिसऱ्या मजल्यावर अकरा माणसांचं पोट चालत होतं. बास्केटबॉलच्या टीम त्यांना विचारायच्या की बाबांनो, मोठे खेळाडू कशाला भुलतात, कुठलं शहर का धरतात, कुठलं का सोडतात, आणि आमच्याकडे यायला हवे असतील तर आम्ही काय करावं. आणि हे अकरा जण, त्यात आकड्यांचं सगळं बघणारा केदार, त्यांना उत्तर द्यायचे. प्रुएट अठ्ठावीस वर्षांचा, सहा फूट नऊ इंच, करार संपलेला, या उन्हाळ्यात कुठेही जायला मोकळा. समुद्रकाठच्या, बारा महिने ऊन असणाऱ्या एका शहराने त्याच्यासाठी गालिचे अंथरले होते. केदारच्या रिपोर्टने त्या शहराला सांगितलं होतं, त्र्याऐंशी टक्के तुमचाच. आणि गडी कमी पैशांत उत्तरेतल्या एका छोट्या गावात गेला, जिथे पाच महिने बर्फ असतो.

टीव्हीवर कोणीतरी त्याला विचारत होतं, का? प्रुएटने खांदे उडवले आणि हसून म्हणाला, तिथे घरासारखं वाटलं. किचनमध्ये जमलेले सगळे हसले, कारण हे सगळेच म्हणतात. समुद्राकाठी गेला असता तरी हेच म्हणाला असता. ग्लेन, त्यांचा बॉस, आपल्या केबिनमधून आला, दोन मिनिटं टीव्हीकडे बघत राहिला. तो कधी ओरडत नसे. त्यामुळे जास्त भीती वाटे. केदारच्या पाठीवर हात ठेवून तो एवढंच म्हणाला की एक कॉलम वाढवावा लागेल. केदारने विचारलं, त्या कॉलमला नाव काय द्यायचं? ग्लेन म्हणाला, तेच तर तू मला सांगायचंस. आणि गेला. केदारच्या शीटमध्ये एकूण एकेचाळीस रकाने होते. राज्याचा कर, हिवाळ्याचं सरासरी तापमान, विमानतळ किती मिनिटांवर, सरावाची जागा किती नवी, कोच किती वर्षं टिकलेला, शहरात जाहिराती किती मिळतील, आई किती मैलांवर राहते. आईचा रकाना केदारनेच सुचवला होता आणि त्याबद्दल त्याचं तेव्हा फार कौतुक झालं होतं.

खिशात फोन होता आणि फोनमध्ये सकाळी सातला आलेला बाबांचा व्हॉइस मेसेज होता. अठ्ठावन्न सेकंदांचा. केदारने तो उघडला नव्हता. त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं. माणसाला अशा गोष्टी माहीतच असतात, फक्त ऐकलं नाही तोवर त्या झालेल्या नसतात एवढंच. आज जुलैची सात तारीख. बाबांचं नागपूरहून निघायचं तिकीट अठराचं. चोवीसला त्यांना अमेरिकेबाहेर जाऊन एक वर्ष पूर्ण होत होतं, आणि वर्षाच्या आत परत आलं नाही तर ग्रीन कार्ड गेल्यात जमा. ते कार्ड मिळवायला केदारने दोन वर्षं घातली होती. आई गेल्यावर, प्रतिमा गिरीश वझलवार हे नाव दारावरच्या पाटीवर तसंच ठेवून बाबा नागपुरात, धंतोलीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर एकटे राहिले, तेव्हा केदारने बारा दिवसांच्या सुट्टीतल्या नवव्या दिवशी त्यांच्याकडून सह्या घेतल्या होत्या. बाबांनी वाचलंही नाही. "तू म्हणतोस तर," म्हणाले, आणि डाव्या हाताने, सावकाश, नऊ ठिकाणी सही केली.

टीम जेव्हा एखाद्या ताऱ्याला बोलावते तेव्हा काय काय करते हे केदारइतकं कुणाला ठाऊक असणार. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या नावाची पाटी आधीच लावून ठेवतात. त्याच्या नंबरचा बनियन हँगरला टांगलेला असतो. मोठ्या पडद्यावर त्यालाच आपल्या रंगाच्या कपड्यात खेळताना दाखवतात, आणि आदल्या आठवड्यात त्याच्या आईला फोन करून विचारून घेतात की पोराला खायला काय आवडतं. केदारने बाबांसाठी यातलं काहीच बाकी ठेवलं नव्हतं. खालच्या मजल्यावरची खोली, म्हणजे जिने नकोत. बाथरूममध्ये धरायला दांडे. नेत्राने, त्याच्या बायकोने, नागपूरहून येणाऱ्या एका बाईंकडून सांडग्या मिरच्या आणि, गोडा मसाला नव्हे, नागपुरी सावजी मसाला मागवून ठेवला होता. टीव्हीवर मराठी चॅनल. आणि एका रविवारी केदारने चक्क एक शीट उघडलं होतं: देऊळ अकरा मिनिटं, डॉक्टर सहा मिनिटं, पाच मैलांच्या आत मराठी बोलणारे साठीच्या पुढचे लोक, नऊ. शेवटी बेरीज. नागपूर एकोणसाठ, हर्नडन अठ्ठ्याऐंशी. नेत्रा मागून येऊन वाचत उभी राहिली आणि हसत सुटली. "अरे, वडील आहेत ते. प्लेअर नाहीत." तो म्हणाला होता, "प्लेअरच आहेत." तेव्हा त्याला आपण फार छान बोललो असं वाटलं होतं. किचन रिकामं झालं होतं, टीव्हीवर दुसराच कोणीतरी दुसऱ्याच शहरात चालला होता, आणि केदार बोटांवर गार पाणी सोडत सिंकपाशी उभा होता. मग त्याने कप तसाच टाकला आणि खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसला. एसी लावला. मेसेज लावला.

"केदार, बाबा बोलून राहिलो," बाबा म्हणाले. दरवेळी आपलं नाव सांगायची त्यांना सवय होती. मागे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत ते थांबले. "तू ते तिकीट कॅन्सल करून टाक. उशीर केला तर पैसे कापतात म्हणे. नेत्राला सांग, रागावू नको म्हणावं. तुझ्या सावनीची परीक्षा कशी झाली ते कळव. इकडे पाऊस नाही अजून. बरं मग." आणि त्यानंतर वीसेक सेकंद नुसता आवाज, भांड्यांचा, पंख्याचा, कारण फोन बंद कसा करायचा हे बाबांना तितक्यात सापडलं नव्हतं. त्या वीस सेकंदांत केदारला रडू आलं. त्याने इकडेतिकडे बघितलं. दोन गाड्या सोडून एक बाई आपल्या गाडीत बसून सॅलड खात होती.

खरं तर त्याला राग यायला हवा होता, आणि आलाही. हे बाबांचं जुनंच. आयुष्यात एकदाच त्यांना कुणी बोलावलं होतं आणि तेव्हाही माणूस चौथ्या दिवशी परत. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गिरीश वझलवार, विद्युत मंडळात कारकून, डावखुरा, नागपुरात बास्केटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेला. त्या काळी खेळावर कोणी श्रीमंत होत नसे. तारे ओढले जायचे ते नोकरीने. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी कचेरीच्या टीमने त्यांना बोलावलं. इन्स्पेक्टरची जागा, दोन खोल्यांचं क्वार्टर, वर्षातून दोनदा बाहेरगावचे सामने. बाबा गेले, आणि परत येऊन मंडळातल्या आपल्या टेबलावर बसले, ते निवृत्त होईपर्यंत. आईचं लग्न ठरलं होतं ते मुंबईला जाणाऱ्या मुलाशी. ती आली धंतोलीत. तिने संसार चोख केला, पण ही गोष्ट काही सोडली नाही. पाहुण्यांपुढे, पोहे देता देता, हसत हसत म्हणायची, "घाबरले हो आमचे हे. मुंबई बघितली आणि घाबरले." बाबाही हसायचे. लहानपणी केदारला त्या हसण्याचा भयंकर संताप यायचा. वाटायचं, काहीतरी बोला ना. सांगा ना, नाही घाबरलो म्हणून. बाविसाव्या वर्षी तो विमानात बसला तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच होतं की आपण चौथ्या दिवशी परत यायचं नाही. आला नाही तो. कॅरी गावात चार वर्षं, अल्फारेटात सहा, मग हर्नडन, जिथे काम असेल तिथे तो जात राहिला. आणि पुढे कधीतरी, ज्या कामात आजपर्यंतचा त्याचा सगळा जीव गेला ते काम त्याने निवडलं. मोठे खेळाडू कुठे जातात आणि का. लोक विचारत, या फील्डमध्ये कसे काय आलात, तेव्हा तो म्हणे, लहानपणापासून घरात बास्केटबॉल होता. हेही छान वाटायचं ऐकायला.

फोन लावला. तिकडे रात्रीचे पावणेनऊ झाले असतील, बाबांचं जेवण आटोपलेलं असणार. त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला. "ऐकलंस का?" म्हणाले.

"बाबा, असं एकदम कॅन्सल नका करू. कार्ड जाईल. परत करायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? दोन वर्षं लागलीत त्याला. आणि बाथरूममध्ये आता पाय न घसरणाऱ्या फरश्या केल्यात. सिनियर सेंटरची व्हॅन दारात येते. मी बोलून ठेवलंय, मंगळवार आणि गुरुवार—"

"मला माहीत आहे रे," बाबा मऊपणे म्हणाले. "तुमचं काही कमी नव्हतं. नेत्राने तर किती केलं. मी आमच्या जुन्या टीमवाल्यांना सांगतो ना इथे, माझी सून तिकडे मला पाटवडीचा रस्सा करून घालायची म्हणून. सुधाकरला खरंच वाटत नाही."

केदार स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसला. बाबांना समजवायचे मुद्दे त्याच्या डोक्यात एकामागून एक तयार होते, आणि प्रत्येक मुद्दा खरा होता. तब्येत. वय. एकटेपण. पडलात तर कोण आहे. तो हे सगळं बोलणार होता. पण समोर काचेतून ऑफिसची बिल्डिंग दिसत होती, तिसऱ्या मजल्यावर त्याची खिडकी, आणि ग्लेनने मागितलेला, नाव नसलेला तो एक रकाना. त्याच्या तोंडून भलतंच आलं. "बाबा, तुम्ही मुंबईहून परत का आलात?"

"आं?"

"चौऱ्याहत्तर साली. आई म्हणायची, घाबरलात."

पलीकडे बाबा हसले. तेच हसणं. पंखा ऐकू येत होता. "तुझी आई म्हणायची ते बरोबरच होतं म्हण," ते सावकाश म्हणाले. "पण मुंबईला नाही घाबरलो. चांगली होती ती माणसं. क्वार्टर दाखवलं. नळाला पाणी होतं चोवीस तास. बनियन शिवून ठेवला होता माझ्या नंबरचा, चौदा. सगळं होतं. तीन दिवस सराव केला त्यांच्याबरोबर. खेळ काय सांगू तुला, आपल्यापेक्षा कितीतरी वरचा. पण सराव संपला की, केदार, पाच मिनिटांत ग्राउंड मोकळं. कोणाला डोंबिवली, कोणाला विरार. लांब राहायचे बिचारे, त्यांचं काय चुकलं. मी आपला बुटाच्या लेसा सोडत पायरीवर बसायचो आणि वर बघतो तर कोणी नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आज घाईत असतील. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी लेसा सोडल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? इथे आपण खेळायचो तास, दीड तास, आणि बसायचो दोन तास. घाम वाळेपर्यंत. कोणाचं काय चाललंय, कोणाच्या घरी काय. काही बोलायचो असंही नाही. सुधाकर तर तोंडच उघडत नसे. मला वाटलं, खेळ तर कुठेही होईल. खेळून झाल्यावर कोणाजवळ बसायचं? आता हे तुझ्या आईला काय सांगू? बसायला कोणी नव्हतं म्हणून पक्की नोकरी सोडली म्हणून? तिला ते वेडेपणाचंच वाटलं असतं. होतंच वेडेपणाचं. त्यापेक्षा घाबरलो बरं."

पन्नास वर्षं. केदारने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पन्नास वर्षं हा माणूस पोह्यांच्या बश्यांपुढे घाबरट म्हणवून घेत हसत बसला, आणि पोटच्या पोराने ते खरं धरून त्याच्यावर आपलं सगळं आयुष्य उभं केलं. त्याला लाज वाटली. साधी, उघडी लाज, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी. "मग आता कोण कोण येतं?" त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"चौघं राहिलो. बाराचे चौघं. सुधाकरला डोळ्यांनी दिसत नाही फारसं, त्याला मी घेऊन येतो. पाच वाजता येतो, दिवेलागणीला उठतो. खेळत नाही रे आता कोणी. पोरं खेळतात कोर्टावर. आम्ही बसतो."

आणि तेव्हा केदारला फुटपाथ आठवला. आठवला म्हणजे तो विसरला नव्हताच, पण आता तो वेगळाच दिसायला लागला. मागच्या वर्षी मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर त्याने ड्राइव्हवेवर बास्केटचा खांब आणून उभा केला होता, चाकांचा, खाली पाण्याचं वजन असलेला, चांगल्यातला. बाबांचे डोळे काय चमकले होते त्या दिवशी. रोज संध्याकाळी ते पांढरे बूट घालून बाहेर पडायचे, डाव्या हाताने वीस-पंचवीस बॉल टाकायचे, शहात्तराव्या वर्षीही त्यातले दहाबारा जाळीतून जायचे. आणि मग ड्राइव्हवे संपतो तिथे, फुटपाथच्या काठावर, बॉल दोन पायांत धरून बसून राहायचे. अर्धा तास. पाऊण तास. समोरून कुत्री फिरवणारी माणसं जायची, हात करायची, बाबाही हात करायचे. केदार वरच्या खोलीत कॅलिफोर्नियाच्या लोकांशी कॉलवर असायचा. म्यूट करून, खिडकी सरकवून तो हाक मारायचा, "बाबा, दमलात का?" आणि बाबा मान वर करून म्हणायचे, "हो रे, जरा दमलो." रोज. एप्रिल, मे, जून. केदारने नेत्राला सांगितलंही होतं, बाबांचा गुडघा बघायला हवा, खेळून झालं की त्यांना उठवत नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. गुडघ्याचा एक्स-रे काढला. गुडघा ठीक होता, वयाच्या मानाने उत्तम होता, आणि तरीही केदारच्या मनात कसलीही शंका आली नाही. मग जूनमध्ये घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं की बास्केटचा खांब रस्त्यावरून दिसता कामा नये. पत्रावर भांडता आलं असतं. कोपऱ्यावरचा माणूस भांडला होता आणि जिंकला होता. पण केदारला कटकट नको होती, आणि गुडघ्याचंही निमित्त होतं. एका शनिवारी बाबा सावनीबरोबर लायब्ररीत गेलेले असताना त्याने तो खांब आडवा करून गॅरेजमध्ये नेला, गवत कापायच्या मशीनमागे. बाबा परत आले, मोकळ्या ड्राइव्हवेकडे एकदा बघितलं, आणि विचारलं, "चहा घेणार का?" जुलैमध्ये आपल्या जुन्या टीमच्या सुवर्णमहोत्सवासाठी म्हणून नागपूरला गेले. महिन्याभरात येतो म्हणाले होते.

"बाबा," केदार म्हणाला. "मी ते बास्केट आत ठेवलं म्हणून तर नाही ना तुम्ही..."

"छे छे! ते मनातसुद्धा आणू नको. बरंच झालं की. एकट्याने किती टाकायचे?"

"तुम्ही मला सांगायचं होतं. मी तुम्हाला विचारायचो ना, दमलात का म्हणून."

"मग? काय म्हणायला पाहिजे होतं मी?" बाबांच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती; तेच सगळ्यात वाईट होतं. "खाली ये, बस जरा, असं? तुझ्या कानात ते मशीन असायचं. तुझी माणसं खोळंबलेली असायची. चांगला खिडकीतून विचारून राहिला होतास तू रोज. हो म्हटलं की तुला बरं वाटायचं."

दोन गाड्या पलीकडची बाई सॅलडचा डबा बंद करून आत निघून गेली. बाबांनीच सांभाळून घेतलं. म्हणाले, डिसेंबरात ये, संत्री असतात, पाच वाजता कोर्टावर ये आमच्याबरोबर. केदार म्हणाला, येतो. किती दिवस, असं बाबांनी विचारलं नाही. बारा दिवस, हे दोघांना माहीत होतं. मग बाबा म्हणाले, "बरं मग," आणि पुन्हा फोन बंद करायचं बटण त्यांना सापडेना, आणि केदार वीस सेकंद, तीस सेकंद, तो पंखा ऐकत राहिला. पलीकडे बाबा स्वतःशीच पुटपुटले, "कुठे गेलं हे." मग शांत झालं.

ऑफिसात परत जाऊन त्याने शीट उघडलं. एकेचाळीसच्या पुढचा रकाना पांढरा होता. त्यात काय लिहिणार? सराव संपल्यावर माणसं किती वेळ बसतात, मिनिटांत? मोजायचं कसं, आणि मोजून एखाद्या शहराला सांगायचं काय, की बाबांनो, समुद्र आहे, ऊन आहे, सगळं आहे, पण तुमची माणसं लवकर उठतात? अक्षत खुर्ची सरकवत आला आणि म्हणाला, "सापडलं काही?" केदार म्हणाला, "नाही. तू जेवलास का?" अक्षतने जरा चमकून त्याच्याकडे बघितलं, चार वर्षांत हे केदारने पहिल्यांदाच विचारलं होतं. "डेस्कवरच खाल्लं, यार," अक्षत म्हणाला, आणि आपल्या स्क्रीनकडे वळला. दोन वाजता केदारने बरं वाटत नाही असं सांगितलं. निघण्याआधी विमान कंपनीच्या साइटवर जाऊन त्याने अठरा तारखेचं तिकीट कॅन्सल केलं. वझलवार, गिरीश. खात्री आहे का, असं त्याला दोनदा विचारण्यात आलं.

घरी नेत्रा कामावरून आली नव्हती. त्याने गॅरेजचं दार वर केलं, गवताचं मशीन बाजूला ओढलं. खांबाच्या तळातलं पाणी वर्षभरात आटून गेलं होतं, जाळीत कोळ्याचं जाळं होतं, आणि बॉलमधली हवा गेलेली. सायकलच्या पंपाने त्याने बॉल भरला, होजने तळ भरला, आणि खांब ढकलत ढकलत ड्राइव्हवेच्या टोकाला, अगदी रस्त्यावरून दिसेल असा उभा केला. दुपारचे साडेतीन, ऊन नुसतं ओतत होतं. ऑफिसच्याच बुटांनी तो खेळायला लागला. आयुष्यभर बास्केटबॉलवर पोट भरलेला माणूस, पण त्याला खेळता कधीच आलं नव्हतं. लहानपणी बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, त्याला अभ्यास असायचा. वीसेक बॉल टाकले. दोन गेले. मग शर्ट पाठीला चिकटला, आणि तो जाऊन फुटपाथच्या काठावर, बरोबर त्याच जागी, बॉल दोन पायांत धरून बसला. काठ तापलेला होता. इथून काय दिसतं हे त्याने कधी बघितलं नव्हतं. समोरच्या घराचा मेलबॉक्स. त्याच्या मागचं मेपलचं झाड. एकसारखं कापलेलं गवत, आणि पुढचं गवत, आणि त्याच्या पुढचं. कुत्रा घेऊन एक म्हातारा गेला, त्याने हात केला. केदारनेही हात केला. पुढे काही नाही. दहा मिनिटं गेली असतील. घाम वाळायला लागला आणि तेव्हा कुठे त्याला ती जागा कळली, म्हणजे बाबा तिथे कशाची वाट बघत होते ते कळलं. शेजारी दोन हात मोकळा सिमेंटचा काठ होता. एवढंच लागत होतं. त्याने एवढंच करायला हवं होतं की जिना उतरून यायचं.

वर खिडकी सरकल्याचा आवाज झाला. सावनी होती, सोळा वर्षांची, त्याची एकुलती एक, एका कानात इअरफोन, मागे तिच्या समर क्लासच्या मास्तरांचा आवाज चालू. "Baba? Why are you home? Are you tired?"

तो मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांवर ऊन येत होतं, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसती खिडकीत वाकलेली आकृती. खाली ये, बस जरा. तीन-चार शब्द होते, सगळे तोंडात आलेले. मग त्याला दिसलं की तिचा एक हात कानापाशी आहे, तिकडे कोणीतरी तिला काहीतरी विचारतंय, आणि ती उत्तरासाठी थांबलीय, चांगली पोरगी, बापाची काळजी असलेली.

"हो गं," तो म्हणाला. "जरा दमलो."

"Okay. Drink some water," ती म्हणाली, आणि खिडकी बंद झाली.